पदव्युत्तर पॅथॉलॉजी: प्रशिक्षणात आणि प्रात्यक्षिक परीक्षेत काचेच्या स्लाइड्स ठेवाव्यात की डिजिटल?

प्रश्न: विभागसमन्वयक

सप्रेम नमस्कार. पदव्युत्तर पॅथॉलॉजीच्या अध्यापनाची आणि प्रात्यक्षिक परीक्षेची आखणी सध्या माझ्याकडे आहे. विभागात संपूर्ण स्लाइड स्कॅन करणारे यंत्र बसवले गेले असून, शिकवण्यासाठी वर्षानुवर्षे जपलेला काचेच्या स्लाइड्सचा संच टप्प्याटप्प्याने स्कॅन करावा आणि त्यानंतर वर्गात तसेच परीक्षेत पडद्यावरच्याच स्लाइड्स वापराव्यात, असा प्रस्ताव चर्चेत आहे. त्यामागची कारणे कोणालाही पटण्यासारखी आहेत. संचातल्या कित्येक स्लाइड्सचा रंग फिका पडला आहे, काहींच्या कव्हरस्लिपखाली हवा शिरली आहे, काही फुटल्या आहेत, आणि ज्यांचे पॅराफिन ब्लॉक (ऊती बसवलेले मेणाचे ठोकळे) कापून संपले त्या पुन्हा तयार करता येणार नाहीत.

विरोधही तितकाच ठाम आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, सूक्ष्मदर्शकावर हात बसल्याशिवाय नजर तयार होत नाही आणि पडद्यावर शिकलेला विद्यार्थी उद्या स्कॅनर नसलेल्या प्रयोगशाळेत रुजू झाला तर चाचपडत राहील. तरुण सहकारी यावर विचारतात की, नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या विद्यापीठ रुग्णालयाने २०१५ मध्येच नेहमीचे निदान पडद्यावर नेले आणि त्यानंतर अनेकांनी तोच मार्ग धरला. मग अशा ठिकाणी काचेवर शिकलेला विद्यार्थी चाचपडणार नाही का?

अचूकतेवरचे अभ्यास मी पाहिले आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चार केंद्रांतील १६ पॅथॉलॉजिस्टनी १,९९२ केसेस दोन्ही पद्धतींनी वाचल्या आणि मूळ निदानाशी मोठी तफावत पडण्याचे प्रमाण डिजिटलमध्ये ४.९ टक्के, तर सूक्ष्मदर्शकावर ४.६ टक्के आले. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पहिल्या प्रणालीला प्राथमिक निदानासाठी परवानगी दिली होती. पण हे सगळे तयार पॅथॉलॉजिस्टविषयी झाले. जो अजून तयार व्हायचा आहे त्याला कशावर शिकवावे आणि तो तयार झाला की नाही हे कशावर तपासावे, याचे उत्तर या आकड्यांतून मला मिळत नाही. ज्यांनी दोन्ही पद्धतींनी शिकवले किंवा परीक्षा घेतल्या आहेत त्यांचे मत वाचायला आवडेल. पेशीविज्ञान (सुट्या पेशी पाहून केलेले निदान) आणि रक्तविज्ञान यांचा विचार वेगळा करावा लागेल का, हेही सांगावे.

उत्तर: फाइन_फोकस

समन्वयक महोदय, शेवटच्या परिच्छेदातली आपली शंका योग्य आहे. त्या अभ्यासांत भाग घेतलेल्यांची नजर आधीच घडलेली होती, बहुतेकांची काचेवर. घडलेल्या नजरेला माध्यम बदलून दिले तरी ती काम निभावते, एवढे त्यातून सिद्ध होते. नजर घडवायला दोन्ही माध्यमे सारखीच उपयोगी आहेत, असा अर्थ त्यातून निघत नाही, आणि तसे नाहीत असाही निघत नाही.

माझ्या मते काच की पडदा हा वाद बराचसा चुकीच्या जागी चालतो. स्लाइड वाचताना आपण आधी शोधतो, मग ओळखतो, आणि शेवटी किती ठामपणे काय लिहायचे ते ठरवतो. शिकवताना मात्र आपला बहुतेक वेळ ओळखण्यावर जातो. आपला जुना संच एकदा बाहेर काढून पाहा. त्यातल्या बऱ्याच स्लाइड्सवर कोणीतरी शाईचा ठिपका दिलेला असेल. ठिपक्याखाली ग्रॅन्युलोमा (दाहातल्या पेशींचा पुंजका) असतो, ठिपक्याखाली रक्तवाहिनीत शिरलेला अर्बुदाचा पुंजका असतो, आणि विद्यार्थी स्टेज हलवून थेट तिथे जातो. त्याला ग्रॅन्युलोमा ओळखता येतो हे खरे. पण उरलेल्या सगळ्या ऊतीतून तो कसा शोधायचा हे त्या स्लाइडने त्याला कधी शिकवलेच नाही. काचेवर शिकला म्हणून त्याचे शोधणे पक्के झाले, हा समज या ठिकाणी कोसळतो. परीक्षेत छापील छायाचित्रे किंवा एकेक फील्डची चित्रे दाखवणे ही याच दोषाची पुढची पायरी आहे, कारण तिथे शोधण्याचे काम परीक्षकानेच करून ठेवलेले असते.

पूर्ण स्कॅन केलेल्या स्लाइडमध्ये शोधण्याचे काम विद्यार्थ्याकडे परत देता येते, अट एवढीच की स्लाइड खरोखर पूर्ण असावी आणि तिच्यावर आधीच बाण काढून ठेवलेले नसावेत. अनेक ठिकाणी स्कॅन करताना फाइल लहान व्हावी म्हणून फक्त रोगाचा भाग ठेवून बाकीची ऊती वगळली जाते. तसे करायचे असेल तर स्कॅनर घेण्याची गरजच नव्हती.

परीक्षेच्या बाबतीत मी डिजिटलच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण न्याय हे आहे. काचेच्या स्लाइड्सवर मोठ्या संख्येने उमेदवारांची परीक्षा घ्यायची तर एकाच ब्लॉकचे अनेक छेद घ्यावे लागतात. सुईने घेतलेल्या बायोप्सीत कर्करोगाचा बारीक पुंजका असेल, तर ४ मायक्रॉनचे ३० छेद घेईपर्यंत आपण १२० मायक्रॉन खोल गेलेलो असतो, आणि ब्लॉक पुन्हा समतल करताना वाया जाणारा भाग त्याहून वेगळा. पहिल्या छेदात ठसठशीत दिसणाऱ्या ग्रंथी अखेरच्या छेदात दोन-तीनच उरतात, कधी उरतही नाहीत. म्हणजे एकाच प्रश्नपत्रिकेत काही उमेदवारांना सोपा प्रश्न आणि काहींना न सुटणारा प्रश्न मिळतो, आणि तो कोणाला मिळाला हे परीक्षकालाही ठाऊक नसते. एकच स्लाइड फिरवायची तर शेवटच्या उमेदवाराच्या हाती ती तेलाच्या डागांसह येते. डिजिटल स्लाइडमध्ये प्रत्येकासमोर तोच छेद, तेच पिक्सेल असतात. प्रयोगशाळांच्या बाह्य गुणवत्ता चाचण्यांनी डिजिटल स्लाइड्स स्वीकारण्यामागे हे एक मोठे कारण आहे, आणि अमेरिकन बोर्ड ऑफ पॅथॉलॉजीच्या परीक्षेतही संगणकावरच्या स्लाइड्स पुष्कळ वर्षांपासून आहेत.

तरीही काच पूर्णपणे काढून टाकू नये, असेच मी म्हणेन. काचेची स्लाइड हातात घेतली की तयार पॅथॉलॉजिस्ट आधी लेबल वाचतो, मग ती उजेडासमोर धरतो आणि नुसत्या डोळ्यांनी तुकडे मोजतो. स्थूल वर्णनात (नमुना नुसत्या डोळ्यांनी पाहून केलेल्या नोंदीत) पाच तुकडे लिहिलेले असून काचेवर चारच दिसत असतील, तर तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधीच थांबतो. ही सवय पडद्यावरही शिकवता येते, पण मुद्दाम शिकवावी लागते. काचेवर ती अंगवळणी पडते.

उत्तर: पेशीविज्ञान_शिक्षिका

वरील मताशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण समन्वयकांनी पेशीविज्ञानाचा जो वेगळा प्रश्न विचारला आहे त्याचे उत्तर ठाम 'होय' असे आहे आणि त्याची कारणे नीट समजून घ्यावीत.

ऊतीचा छेद ३ ते ४ मायक्रॉन जाडीचा असतो. स्कॅनरमध्ये सामान्यतः २० पटीचा, ०.७५ न्यूमेरिकल अपर्चरचा (प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेचे माप) ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडजवळचे भिंग, असतो आणि त्याची फोकसची खोली सुमारे एक मायक्रॉन असते. छेदासाठी हे बहुतेक वेळा पुरते. सुईने काढलेल्या पेशींच्या स्मीअरवर (काचेवर पसरलेल्या पातळ थरावर) मात्र पेशींचे पुंजके एकावर एक चढलेले असतात आणि त्यांची उंची दहा-वीस मायक्रॉनपर्यंत सहज जाते. एकाच पातळीवर घेतलेल्या प्रतिमेत पुंजक्याचा एक थर स्पष्ट येतो आणि बाकीचे थर धुके होऊन राहतात.

थायरॉइडच्या पॅपिलरी कार्सिनोमाचे उदाहरण घ्या. पेशीकेंद्रात पेशीद्रव्याचा जो खोटा अंतर्भाव दिसतो, तो निदानाला मोठा आधार देतो. पण पेशीकेंद्रावर सहज येऊन पडलेला थेंब, वाळताना झालेली पोकळी किंवा वर बसलेली तांबडी पेशीसुद्धा एका पातळीवर हुबेहूब तशीच दिसू शकते. सूक्ष्मदर्शकावर आपण फाइन फोकसचा नॉब किंचित पुढे-मागे फिरवतो. अंतर्भाव खरा असेल तर त्याची कड पेशीकेंद्राच्या पटलासोबतच स्पष्ट होते आणि त्याचा रंग बाजूच्या पेशीद्रव्याशी जुळतो. वरून पडलेली वस्तू वेगळ्या पातळीवर फोकसमध्ये येते आणि बऱ्याचदा चकाकते. हे करताना अनुभवी माणसाचा डावा हात आपोआप हलत असतो, आणि आपण काही विशेष करतो आहोत हे त्याच्या लक्षातही येत नाही. पडद्यावर शिकलेल्या विद्यार्थ्याला या हालचालीची गरजच भासलेली नसते, म्हणून प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकावर बसल्यावरही तो एकदा फोकस करून थांबतो. माझ्या मते काचेचा हट्ट धरणाऱ्यांच्या म्हणण्यातला सर्वांत सबळ मुद्दा हाच आहे, आणि तो बहुधा त्यांनी 'हात बसणे' अशा मोघम शब्दांत मांडल्यामुळे दुर्लक्षित राहतो.

अनेक पातळ्यांवर स्कॅन करून त्या एकत्र ठेवण्याची सोय आहे. एकेका मायक्रॉनच्या अंतराने सात पातळ्या घेतल्या तर विद्यार्थ्याला माउसच्या चाकाने वर-खाली जाता येते. परंतु मग फाइल आणि स्कॅनचा वेळ दोन्ही जवळपास सातपट होतात, म्हणून हे निवडक स्लाइड्सपुरतेच ठेवावे लागते.

सूक्ष्मजंतूंची गोष्टही अशीच. जठराच्या बायोप्सीतला हेलिकोबॅक्टर पायलोरी २ ते ४ मायक्रॉन लांब आणि अर्धा ते एक मायक्रॉन रुंद असतो. २० पटीवरच्या स्कॅनमध्ये एक पिक्सेल सुमारे अर्ध्या मायक्रॉनचा असतो, म्हणजे जंतूची रुंदी एक-दोन पिक्सेलांतच संपते. ४० पटीवर पिक्सेल सुमारे पाव मायक्रॉनचा होतो आणि जंतू दिसू लागतो, तरी म्यूकसच्या धाग्यांतून तो वेगळा काढायला पुन्हा फोकस हलवावासा वाटतोच. क्षयाचे जंतू यापेक्षाही बारीक. त्यांना रंगवणाऱ्या झील-नील्सन स्टेनची स्लाइड परीक्षेत द्यायची असेल तर ती काचेचीच द्यावी आणि ऑइल इमर्शन (भिंग आणि स्लाइड यांत तेलाचा थेंब ठेवून पाहणे) वापरता येते की नाही तेही पाहावे. रक्ताचा आणि अस्थिमज्जेचा स्मीअर याच वर्गात मोडतो: पेशीद्रव्यातल्या कणिका, ऑअर रॉड (ल्युकेमियाच्या काही पेशींतल्या काडीसारख्या रचना), मलेरियाच्या परजीवीचा कोवळा वलयाकार टप्पा, हे सगळे १०० पटीच्या ऑब्जेक्टिव्हचे काम आहे.

ध्रुवीकृत प्रकाशाचाही उल्लेख करते. काँगो रेडने रंगवलेल्या अमिलॉइडचा (ऊतीत साचणाऱ्या विकृत प्रथिनाचा) सफरचंदी हिरवा रंग बहुतेक स्कॅनरमध्ये दिसत नाही, कारण त्यांत ध्रुवक बसवलेला नसतो. छायाचित्र दाखवून रंग ओळखायला सांगणे सोपे आहे. पण विश्लेषक (दुसरा ध्रुवक) फिरवणे, रंग बदलतो की नाही ते पाहणे आणि कोलॅजेनच्या पांढुरक्या चमकीला अमिलॉइड न म्हणणे हे उपकरणावर हात ठेवूनच येते.

उत्तर: शेवटच्या_वर्षाची_रेसिडेंट

आदरणीय सर आणि मॅडम, शिकणाऱ्याच्या बाजूने थोडे मांडते.

काचेच्या संचावर शिकताना स्लाइड एकच आणि विद्यार्थी अनेक असतात, त्यामुळे आपली पाळी येईपर्यंत वर्गातली चर्चा पुढे सरकलेली असते. डिजिटल स्लाइड रात्री पुन्हा उघडता येते, शेजारच्या खिडकीत त्याच ऊतीचा इम्युनो स्टेन (प्रतिपिंडांनी विशिष्ट प्रथिने रंगवलेला छेद) लावून दोन्ही एकत्र सरकवता येतात, आणि दोन सारखे दिसणारे आजार शेजारी ठेवून फरक पाहता येतो. सूक्ष्मदर्शकावर एक स्लाइड काढून दुसरी लावेपर्यंत पहिलीचे चित्र मनात धूसर होते. कमी पटीवरून ऊतीची एकूण रचना पाहण्याची सवय मला पडद्यामुळेच लागली, कारण स्लाइड उघडताच आधी संपूर्ण तुकडाच समोर येतो. याउलट अनेक सहाध्यायी थेट सर्वांत मोठ्या आकारावर जातात आणि पेशींत हरवतात, हेही नमूद करावे लागेल. मोठे करायला एक टिचकी पुरते आणि ऑब्जेक्टिव्ह फिरवण्याएवढाही विचार त्यासाठी करावा लागत नाही.

मला सर्वांत जास्त अडचण आली ती मापाची. आम्हाला विभाजन पावणाऱ्या पेशी 'दहा हाय पॉवर फील्डमध्ये', म्हणजे मोठ्या पटीवर एका वेळी दिसणाऱ्या दहा वर्तुळांत, मोजायला शिकवले गेले. पण फील्डचा आकार आयपीसवर (डोळ्याजवळच्या भिंगावर) अवलंबून असतो. फील्ड नंबर १८ असलेल्या आयपीसने ४० पटीवर फील्डचे क्षेत्रफळ सुमारे ०.१६ चौरस मिलिमीटर येते, २२ असेल तर सुमारे ०.२४, आणि २६.५ असेल तर सुमारे ०.३४. म्हणजे एकाच गाठीची दहा फील्डमधली मोजणी एका सूक्ष्मदर्शकावर दुसऱ्याच्या दुप्पट भरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अर्बुद-वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत म्हणूनच ही मोजणी चौरस मिलिमीटरमध्ये देण्यावर भर आहे. पडद्यावर फील्ड नावाची गोष्टच नाही. जे दिसते तो मॉनिटरच्या आकाराचा आयत असतो. परीक्षेत डिजिटल स्लाइड देऊन 'दहा हाय पॉवर फील्डमधील संख्या लिहा' असे विचारले, तर त्या प्रश्नाला अर्थ उरत नाही. त्याऐवजी ठरावीक क्षेत्रफळाची चौकट द्यावी, किंवा चौकट कुठे ठेवायची हेही उमेदवारालाच ठरवू द्यावे. दुसरा पर्याय मला अधिक न्याय्य वाटतो, कारण सर्वाधिक विभाजन होत असलेली जागा निवडणे हाच त्या मोजणीतला अवघड भाग आहे.

'४० पट' हा शब्दही पडद्यावर फसवा आहे. स्कॅनचा पिक्सेल पाव मायक्रॉनचा आणि मॉनिटरचा पिक्सेल पाव मिलिमीटरचा असेल, तर पूर्ण आकारात पाहताना प्रतिमा हजारपट मोठी झालेली असते. मात्र आपण ती सुमारे साठ सेंटिमीटरवरून पाहतो, आणि तेवढ्या अंतरावरून डोळ्याला ती सूक्ष्मदर्शकातल्या ४०० पटीसारखी (४० पटीचा ऑब्जेक्टिव्ह गुणिले १० पटीचा आयपीस) भासते. मॉनिटर बदलला किंवा खुर्ची पुढे ओढली की हिशेब बदलतो. पेशीकेंद्राच्या आकाराचा अंदाज काचेवर तयार झालेला असेल तर पडद्यावर सुरुवातीला सगळी पेशीकेंद्रे मोठी वाटतात आणि सौम्य डिसप्लेजियाला (कर्करोगपूर्व पेशीबदलांना) वरची श्रेणी देण्याचा मोह होतो. शेजारच्या लिम्फोसाइटशी किंवा तांबड्या पेशीशी तुलना करण्याची सवय लागेपर्यंत हे चालू राहते. ज्या उमेदवाराला पडद्याचा सराव दिला नाही त्याची परीक्षा पडद्यावर घेणे आणि याच्या उलट करणे, दोन्ही सारखेच अन्यायाचे आहे, एवढे समन्वयक सरांनी लक्षात घ्यावे अशी विनंती.

उत्तर: स्कॅनर_कक्ष

मी स्कॅनिंगचे तांत्रिक काम पाहतो, त्यामुळे निदानाविषयी बोलत नाही. पण शिक्षकांनी गृहीत धरलेल्या काही गोष्टी यंत्र आपोआप करत नाही, त्या सांगणे आवश्यक आहे.

स्कॅनर आधी स्लाइडचे एक लहान छायाचित्र घेतो आणि त्यावरून ऊती कुठे आहे ते ठरवतो. फिकट रंगाची चरबी, बारीक सुटलेला तुकडा किंवा कव्हरस्लिपच्या कडेला सरकलेली ऊती त्याच्या नजरेतून सुटू शकते आणि मग तेवढा भाग स्कॅनच होत नाही. उघडलेल्या फाइलमध्ये तिथे स्वच्छ पांढरी जागा दिसते, म्हणून काही राहून गेल्याची शंकाही येत नाही. ते लहान छायाचित्र फाइलमध्ये जतन असते. विद्यार्थ्यांना प्रत्येक स्लाइडच्या सुरुवातीला ते उघडून स्कॅनशी ताडून पाहायला शिकवावे. फाइन_फोकस सरांनी उजेडासमोर स्लाइड धरण्याविषयी जे लिहिले आहे, त्याचे पडद्यावरचे रूप हेच.

त्याच छायाचित्राशेजारी लेबलचीही प्रतिमा साठवली जाते आणि तिच्यावर रुग्णाचे नाव किंवा नोंद क्रमांक असू शकतो. अध्यापनाच्या आणि परीक्षेच्या संचातून ती काढून टाकावी लागते. फाइलच्या नावात निदान लिहिलेले नाही ना, हेही तपासावे. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

आकाराचा अंदाज असावा: १५ मिलिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा पाव मायक्रॉनच्या पिक्सेलवर स्कॅन केला की ६०,००० गुणिले ६०,००० म्हणजे ३६० कोटी पिक्सेल होतात. असंकुचित स्वरूपात ते सुमारे ११ गिगाबाइट भरतात. संकुचित केल्यावर साधारणपणे एका गिगाबाइटच्या आत येतात. फाइल पायऱ्यापायऱ्यांनी साठवलेली असते आणि दर्शक-सॉफ्टवेअर फक्त समोरचे चौकोन मागवते, म्हणून ती लवकर उघडते. पण परीक्षेच्या वेळी सगळे उमेदवार एकाच क्षणी सरकवू लागले की सर्व्हरवर ताण येतो आणि प्रतिमा तुकड्यातुकड्यांनी स्पष्ट होते. तालीम घेताना दोन-तीन संगणकांवर चालले म्हणून समाधान मानू नये, पूर्ण क्षमतेने घ्यावी. सर्व मॉनिटर एकाच प्रकारचे आणि रंग जुळवून घेतलेले असावेत, नाहीतर एकाला इओसिनोफिल लालभडक दिसतो आणि दुसऱ्याला तोच न्यूट्रोफिलसारखा.

फिक्या पडलेल्या स्लाइड्स सर्वांत आधी स्कॅन करण्याचा आग्रह धरला जातो. ज्यांचे ब्लॉक शिल्लक आहेत त्यांचा नवा छेद घेऊन, नव्याने रंगवून मगच स्कॅन करा. फिका रंग स्कॅनमध्ये कायमचा फिकाच राहतो.

विभागसमन्वयक

सर्वांचे मनापासून आभार. पेशीविज्ञान, रक्तविज्ञान आणि सूक्ष्मजंतूंच्या स्टेनसाठी काच राहील, एवढे माझ्या मनात निश्चित झाले आहे. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. दर्शक-सॉफ्टवेअर प्रत्येक उमेदवाराने स्लाइडचा कोणता भाग किती मोठा करून, किती वेळ पाहिला याची नोंद ठेवू शकते. त्या नोंदीला गुण द्यावेत का? आणि संक्रमणाच्या काळात विद्यार्थी दोन्ही माध्यमांत तयार झाला, हे ठरवायचे कसे?

उत्तर: फाइन_फोकस

नोंदीला गुण देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नजरेच्या हालचालींच्या अभ्यासांत अनुभवी पॅथॉलॉजिस्ट मोजक्याच जागी थांबतात आणि नवशिके अनेक जागी थांबत जातात, असे दिसले आहे. म्हणजे कमी पाहणारा उमेदवार निष्काळजी असू शकतो किंवा निष्णातही असू शकतो, आणि नोंद दोघांत भेद करत नाही. शिवाय गुण आहेत असे कळले की विद्यार्थी सगळी स्लाइड रंगवून काढल्यासारखी फिरवतील आणि विचार मात्र करणार नाहीत. तीच नोंद शिकवताना मात्र फार मोलाची आहे. चुकलेल्या केसमध्ये विद्यार्थी त्या जागी गेलाच नव्हता, की गेला आणि ओळखू शकला नाही, की ओळखूनही निदान लिहिताना कचरला, हे ती लगेच दाखवते, आणि तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. काचेवर हे आपल्याला केवळ अंदाजाने ठरवावे लागत होते. परीक्षेत गुण द्यायचेच असतील तर उमेदवाराला ज्या जागेच्या आधारे निदान केले ती जागा स्लाइडवर आखायला सांगा आणि त्या आखणीला गुण द्या. निदान बरोबर पण आखणी भलत्याच जागी, असे उत्तर वाचले की परीक्षकाला खूप काही कळते.

याला जोडूनच परीक्षेचा संच जपण्याविषयी. डिजिटल स्लाइड एकदा विद्यार्थ्यांच्या हाती गेली की तुकड्याचा बाह्याकारच ओळखीचा होतो, आणि पुढच्या वेळी उमेदवार पेशी न पाहताच, पडद्याच्या कोपऱ्यातला संपूर्ण तुकड्याचा लहान नकाशा पाहून निदान लिहितो. काचेच्या संचातही तडा गेलेली स्लाइड कोणती हे सर्वांना ठाऊक असायचेच, पण पडद्यावर हे फार वेगाने पसरते. म्हणून सरावाचा संच आणि परीक्षेचा संच पूर्णपणे वेगळे ठेवावेत आणि प्रत्येक आजाराच्या एकाहून अधिक केसेस हाताशी असाव्यात.

दुसऱ्या प्रश्नाला तयार चौकट उपलब्ध आहे. प्रयोगशाळेने डिजिटल निदान सुरू करण्यापूर्वी किमान ६० केसेस दोन्ही माध्यमांत वाचाव्यात, दोन वाचनांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे आणि जुळणी ९५ टक्क्यांहून कमी आली तर कारणे शोधावीत, असे कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ते प्रयोगशाळेच्या प्रमाणीकरणासाठी असले तरी विद्यार्थ्यासाठी हाच व्यायाम उत्तम आहे. तुलना स्वतःची स्वतःशी होते. जिथे काचेवरचे आणि पडद्यावरचे उत्तर वेगळे आले त्या केसेस घेऊन शिक्षकासमोर बसावे. ९५ टक्क्यांचा आकडा उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवायला मात्र वापरू नका. दोन्हीकडे सारखेच चुकणाऱ्याची जुळणीसुद्धा शंभर टक्के येते.

उत्तर: पेशीविज्ञान_शिक्षिका

एक पुरवणी. डिजिटल परीक्षेच्या दालनात मूळ काचेच्या स्लाइड्स आणि एक-दोन चांगले सूक्ष्मदर्शक ठेवावेत, आणि स्कॅन अस्पष्ट असल्याची तक्रार करणाऱ्या उमेदवाराला ती स्लाइड काचेवर पाहू द्यावी. त्यासाठी उमेदवाराने कोणती जागा अस्पष्ट आहे आणि तिथे काय पडताळायचे आहे, हे आधी लेखी द्यावे, अशी अट घाला. अटीमुळे उगाच उठणाऱ्यांची संख्या आपोआप कमी होते, आणि ज्याने 'या पुंजक्यातील पेशीकेंद्रांत अंतर्भाव आहे की वर थेंब आहे, ते फोकस हलवून पाहायचे आहे' असे लिहून दिले, त्याच्या उत्तरपत्रिकेत मी ते वाक्यही गुणांसाठी विचारात घेईन.